मुलांसोबत माथेरानच्या रानवाटा

मुलांची पहिली रानवाट कोणती असावी? मी माथेरान सुचवेन. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असूनही इथल्या वाटा बऱ्याचशा सपाट, लाल मातीच्या आणि सावलीच्या आहेत. खासगी गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात, त्यामुळे मुलांचा हात सोडून निर्धास्त चालता येतं. जांभूळ-अंजनीच्या गर्द झाडीत मान वर करून थोडं थांबा. लांब शेपटीचा शेकरू दिसला, तर मुलं तो दिवस विसरणार नाहीत! पुढे शार्लोट तलाव आणि जवळच पिसरनाथाचं देऊळ. पॉइंटांच्या कड्यांवर मात्र मुलांना घट्ट धरा. माकडांना खाऊ देऊ नका. तलावात उतरू नका. ते गावाचं पिण्याचं पाणी आहे.