पोरके मूल आणि संगीताचे घर

(मादन हिप्परगा येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गाणे हे रक्तातच असावे लागते, असे आपण सहज बोलून जातो. ‘घराणे’ हा शब्द आपल्या संगीतात इतका रुळला आहे की, गायकाच्या पोटीच गायक जन्मतो, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या उत्तर कर्नाटकात आपण राहतो, तेथील संगीताचा इतिहास वेगळीच साक्ष देतो. आईबापांचे छत्र हरपलेल्या, पण कोणीतरी आपले मानून वाढविलेल्या मुलांनी या भूमीचे नाव देशभर नेले आहे.

हानगल तालुक्यातील काडशेट्टीहळ्ळी या खेड्यात १८९२ साली गदिगेय्या नावाचा बालक जन्मला. तो जन्मांध होता. त्याचा भाऊही दृष्टिहीन होता. हानगलच्या कुमारस्वामींनी या दोघा भावांना आपल्या छायेखाली घेतले आणि त्यांच्या संगीतशिक्षणाची व्यवस्था केली. हाच बालक पुढे पंचाक्षरी गवई या नावाने कीर्तिमान झाला. कर्नाटक संगीत आत्मसात केल्यावर त्यांनी मिरजेच्या नीलकंठबुवा आलूरमठ यांच्याकडून हिंदुस्थानी संगीताचीही तालीम घेतली. मल्लिकार्जुन मन्सूर हेही याच नीलकंठबुवांचे शिष्य. कानडी व मराठी मुलुखांना जोडणारा हा संगीताचा धागा आपणा सीमाभागातील लोकांस विशेष जवळचा वाटावा.

ज्याला आसरा मिळाला, त्याने पुढे आसरा दिला. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवयांनी अंध व निराधार मुलांना अन्न, वस्त्र आणि विद्या दिली. त्यांतीलच एक पुट्टय्या. ३ मार्च १९१४ रोजी देवगिरी या गावी जन्मलेल्या या मुलाची दृष्टी तान्हेपणीच गेली, आईवडीलही अकाली निवर्तले. मामांनी त्याला सांभाळले. मामांच्या पेटीवर त्याची बोटे आपोआप फिरू लागली, तेव्हा त्यांनी त्याला पंचाक्षरी गवयांच्या हाती सोपविले. तेच पंडित पुट्टराज गवई. गायन आणि अनेक वाद्ये त्यांनी आत्मसात केली. कन्नड, संस्कृत व हिंदी या भाषांत ग्रंथरचना केली. १९४४ साली गुरूंचे देहावसान झाल्यावर आश्रमाची धुरा त्यांनी उचलली व १७ सप्टेंबर २०१० रोजी देह ठेवीपर्यंत, म्हणजे सहासष्ट वर्षे ती वाहिली. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला होता.

बसवराज राजगुरू यांचे पितृछत्र तेराव्या वर्षी हरपले. काकांनी त्यांचा सांभाळ केला आणि पंचाक्षरी गवयांनी त्यांना शिष्य म्हणून स्वीकारले. त्यांच्या नाट्यपदांनी मराठी रसिकांनाही मोहिनी घातली.

अशी उदाहरणे कर्नाटकापुरती नाहीत. आग्रा घराण्याचे उस्ताद फैयाज खाँ यांचे वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले होते. आजोबा गुलाम अब्बास खाँ यांनी आजोळी त्यांना वाढविले व शिकविले. पुढे ते बडोदे दरबारचे गायक झाले. त्या दरबाराचे अधिपती सयाजीराव गायकवाड हे स्वतः नाशिककडील कवळाणे गावचे शेतकऱ्याचे पुत्र. महाराणी जमनाबाईंनी १८७५ साली त्यांना दत्तक घेतले होते. दत्तक गेलेला राजा आणि आजोळी वाढलेला गायक यांचा हा योग मोठा बोलका आहे. मैहर येथे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तर अनाथ मुलांना गोळा करून त्यांचा वाद्यवृंदच उभा केला.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. या थोर मंडळींपैकी सयाजीरावांचेच कायदेशीर दत्तकविधान झाले होते. इतरांना नातलगांनी वा गुरूंनी सांभाळले. त्यांना सज्जन माणसे भेटली, हे त्यांचे भाग्य. परंतु प्रत्येक मुलाचे भवितव्य अशा योगायोगावर सोडता येत नाही. मूल गुपचूप कोणाच्या पदरात टाकले, तर त्याला ना वारसाहक्क मिळतो, ना संरक्षण. आणि मुलांची खरेदीविक्री करणाऱ्यांचे मात्र फावते.

म्हणूनच कायद्याचा मार्ग आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलीलाही दत्तक घेण्याची वाट मोकळी केली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार कोणत्याही धर्माच्या दांपत्यास वा एकट्या व्यक्तीसही मूल दत्तक घेता येते. मात्र एकट्या पुरुषास मुलगी घेता येत नाही. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. बेवारस मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत पोलीस, बाल कल्याण समिती किंवा १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर कळविणे बंधनकारक आहे.

शिक्षक बंधुभगिनींना विनंती अशी की, वर्गातील पोरक्या किंवा दृष्टिहीन मुलाकडे केवळ दयेने पाहू नये. त्याचे बोट कशाकडे वळते, कान कोठे लागतो, हे पाहावे. कर्मचाऱ्यांनी अर्ज करणाऱ्यास हेलपाटे घालावयास लावू नयेत. आणि ग्रामस्थांनी ‘हे कोणाचे पोर?’ हा प्रश्न मुलाच्या कानी पडू देऊ नये. पुट्टय्याच्या मामांनी पेटीला हात लावला म्हणून भाच्याला दटावून दूर सारले असते, तर आपण काय गमावले असते, याचा विचार करावा. असे मूल आपल्याही गावात असू शकेल. त्याला हक्काचे घर मिळवून देणे आपणा सर्वांच्या हाती आहे.