बर्फावरची हॉकी



आज आम्ही तुम्हांला एका खेळाची गोष्ट सांगणार आहोत. हा खेळ आपल्याकडे दिसत नाही. दिसणार तरी कसा? त्याला मैदानभर बर्फ लागतो. त्या खेळाचे नाव आइस हॉकी, म्हणजे बर्फावरची हॉकी.

मातीवरची हॉकी तुम्ही ऐकून आहात. तिथे चेंडू असतो. इथे चेंडूऐवजी रबराची जाड, चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. ती तीन इंच रुंद आणि एक इंच जाड असते. खेळाडूच्या बुटाखाली पोलादी पाते असते. त्या पात्यावर तो बर्फावरून सर्रकन घसरत जातो. हातातल्या लांब काठीने तो चकती ढकलतो. ती समोरच्या जाळ्यात गेली की गोल झाला. एका बाजूचे सहा जण एका वेळी खेळतात. त्यांत एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असतात. खेळ इतका दमवणारा, की मिनिटभरात छाती भरून येते. म्हणून खेळ चालू असतानाच गडी बदलतात, बरं का!

आता कुणी म्हणेल, हा तर पुरुषांचा खेळ. तसं नाही. बायकांची पहिली जागतिक स्पर्धा १९९० साली कॅनडात ओटावा या शहरी झाली. १९९८ साली जपानमधील नागानो येथे ऑलिंपिकमध्येही बायका हा खेळ खेळल्या.

कॅनडा आणि अमेरिका हे या खेळातले मोठे पहिलवान. कालपरवा खेळू लागलेल्या देशाने त्यांच्याशी एकदम कशी झुंज घ्यावी? जत्रेच्या फडात पोरसवदा गड्याला नावाजलेल्या मल्लापुढे कुणी सोडते का? जोडीला जोड पाहूनच कुस्ती लावतात. या खेळातही तसेच केले आहे. जागतिक स्पर्धेत देशांचे गट पाडले आहेत. वरचा गट, त्याखालचा, त्याच्याही खालचा. खालच्या गटात जो पहिला येतो, तो पुढच्या खेपेला वर चढतो. वरच्या गटात जो शेवटी राहतो, तो खाली उतरतो. आशियातही नव्या देशांसाठी अशाच वेगळ्या स्पर्धा भरवल्या गेल्या.

अशाच एका खालच्या गटात आपल्या देशाच्या मुली पहिल्यांदा उतरल्या. साल २०१६. गाव तैपेई, म्हणजे तैवानची राजधानी.

या मुली बहुतेक लडाखच्या. लडाख म्हणजे हिमालयापलीकडचा उंच मुलूख. त्यातले लेह हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फूट उंच आहे. हिवाळ्यात तिथली तळी गोठतात. रात्री त्यांवर पाणी सोडायचे, म्हणजे पहाटेपर्यंत नवा थर घट्ट बसतो. हेच त्यांचे मैदान. पण ते वर्षातून दोनेक महिनेच. ऊन तापू लागले की मैदान वितळले! जुन्या काळी तिथले लोक पलटणीच्या बुटांना पाती ठोकून खेळत. चांगले बूट, काठ्या, गोलरक्षकाची जाड गादीसारखी पायपट्टी, हे सारे बाहेरून येते आणि फार महाग पडते.

तैपेईला जायला पैसे नव्हते. मग लोकांकडे मदत मागितली. लोकवर्गणी जमली, तेव्हा मुली विमानात बसल्या. तिथे यंत्राने गोठवलेला गुळगुळीत बर्फ होता. चहूकडून उंच कठडे होते. तळ्यावर वाढलेल्या मुलींना हे सारे नवे. त्या स्पर्धेत त्यांना एकही सामना जिंकता आला नाही.

हरून आल्यावर दोन वाटा असतात. एक, काठी कोपऱ्यात ठेवायची. दुसरी, हिवाळ्याची वाट पाहायची आणि पुन्हा तळ्यावर जायचे. त्या पुन्हा तळ्यावर गेल्या. २०१७ साली थायलंडमधील बँकॉक येथे त्यांनी फिलिपिन्सच्या संघाला ४ विरुद्ध ३ गोलांनी हरवले. भारतीय मुलींचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. फरक एका गोलाचा, पण त्यामागे सगळ्यांची मेहनत.

पुढे २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची नामांकित खेळाडू हेली विकेनहायझर लडाखला आली. चार ऑलिंपिक सुवर्णपदकांची ती मानकरी. तिने खेळाचे साहित्य आणले आणि मुलींना शिकवले. पहिलवानाने तालमीत येऊन नव्या पोरांना डाव दाखवावा, तसे हे झाले.

आणि २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीत अल ऐन या गावी आशियाई चषकाची स्पर्धा झाली. तिथे भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवले. म्हणजे तिसरा नंबर. पहिल्या हारीपासून इथवर यायला नऊ वर्षे लागली.

काही शहाणे लोक विचारतात, “खालच्या गटातल्या पदकाचे एवढे काय कौतुक?” आम्ही त्यांना सांगतो, शाळेत पहिलीचा वर्ग नसता तर दहावीला कोण बसले असते? खालचा गट आहे म्हणून नव्याला बरोबरीचा जोडीदार मिळतो. रोज दहा गोलांनी हरणारा मनातून खचतो. एका गोलाने हरलेला मात्र म्हणतो, “थांब, पुढच्या खेपेला बघतो.” तो पुन्हा येतो, हे महत्त्वाचे.

आपल्या गावात बर्फ नाही. पण खो-खोला आणि कबड्डीला मोकळी जागा आहे. संध्याकाळी तिथे मुलगेच दिसतात. मुली कुठे असतात? पाण्याला, चुलीपाशी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. त्यांना रोज तासभर मोकळे करा. पहिल्या वर्षी त्या हरतील. हरू द्या. हसू नका, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा.