थडगं नसलेल्या माणसाचं नाव

एक जुनं छायाचित्र आहे. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते या शहरातलं, 29 जून 1950 या दिवसाचं. फुटबॉलचा सामना संपला आहे आणि लोकांनी एका तरुण खेळाडूला खांद्यावर उचलून घेतलं आहे. तो मनापासून हसतो आहे. खांदे ब्राझीलच्या माणसांचे, जिंकलेला संघ अमेरिकेचा आणि तरुण हैतीचा. त्याचं नाव जो गेटजेन्स.

विश्वचषकाच्या त्या सामन्यात अमेरिकेनं बलाढ्य इंग्लंडला 1-0 असं हरवलं. इंग्लंडचे खेळाडू पगारी, व्यावसायिक. अमेरिकेचा गोलरक्षक शववाहिका चालवायचा, बचावफळीतला एकजण टपाल वाटायचा, वॉल्टर बार शाळेत शिकवायचा. गेटजेन्स न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात हिशेबशास्त्र शिकायला आला होता आणि पोटापाण्यासाठी एका हॉटेलात भांडी घासत होता. बारनं लांबून मारलेल्या चेंडूवर त्यानं झेप घेऊन डोकं लावलं. एवढाच तो एक गोल.

(याच स्पर्धेला भारतही पात्र ठरला होता, पण गेला नाही. अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून गेलो नाही, ही गोष्ट आपण चवीनं सांगतो. खरं कारण बरंच साधं होतं. ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचं मोल आपल्याला तेव्हा कळलंच नव्हतं, असं शैलेन मन्ना पुढे सांगत.)

अमेरिकेत फुटबॉलला सॉकर म्हणतात आणि तिथे या खेळासाठी राबलेल्यांची नावं जपणारं एक राष्ट्रीय कीर्तिदालन आहे, नॅशनल सॉकर हॉल ऑफ फेम. फक्त खेळाडूंचं नव्हे. संघ बांधणारे, संघटना चालवणारे यांचीही नावं तिथे आहेत. त्या दिवशी मैदानावर हजर असलेला एकमेव अमेरिकी वार्ताहर डेंट मॅकस्किमिंग, त्याचंही आहे. लिहिणाऱ्या माणसाला याचं जरा जास्तच अप्रूप वाटणार, हे तुम्ही समजून घ्याल.

1976 साली गेटजेन्सचं नाव सोबत्यांबरोबर या दालनात लागलं. ऐकायला तो नव्हता. अमेरिकेहून तो फ्रान्सला खेळायला गेला, मग मायदेशी परतला, धुलाईचा धंदा थाटला, संसार केला. हैतीत तेव्हा फ्रान्स्वा दुव्हालिए, म्हणजे ‘पापा डॉक’ची हुकूमशाही आली. जो स्वतः राजकारणापासून लांब होता. पण घरच्यांनी दुव्हालिएच्या विरोधकाची बाजू घेतली होती. जुलै 1964 मध्ये हुकूमशहाच्या माणसांनी त्याला पकडून नेलं. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. मृतदेह मिळाला नाही. थडग्यावर नाव कोरायचं तर आधी थडगं लागतं. त्याच्या बायकामुलांना तेही मिळालं नाही. 1976 मध्ये हैतीत सत्तेवर होता तो त्याच दुव्हालिएचा मुलगा.

आणि आता ‘राष्ट्रीय’ या शब्दाकडे येऊ या. गेटजेन्स अमेरिकेचा नागरिक कधीच झाला नाही. नागरिक होण्याचा इरादा जाहीर केला की त्या वेळी संघात खेळता येत असे. त्या संघात एक स्कॉटिश आणि एक बेल्जियनही याच वाटेनं आले होते. स्कॉटिश खेळाडू तर त्या दिवशी कर्णधार होता! तरी दालनानं त्याला आपलं म्हटलं, हे मला मोठं वाटतं. पण एक शंकाही आहे. तो चेंडू खांबाबाहेर गेला असता, तर भांडी घासणारा हा परका पोरगा त्यांच्या आठवणीत तरी राहिला असता का? जिंकून देणाऱ्याला आपलं म्हणणं सोपं असतं. मी उभा जन्म मराठीत कविता लिहितो आहे, आणि अजूनही कुणीतरी माझं नाव ऐकून कौतुकानं म्हणतं, ‘तुमचं मराठी फार छान आहे हो!’ कौतुक खरंच असतं, पण आपल्या माणसाला असं कुणी म्हणत नाही.

या दालनाचं नशीबही मजेशीरच. न्यूयॉर्क राज्यातल्या ओनिऑन्टा या छोट्या गावात 1999 मध्ये त्यासाठी मोठी इमारत झाली. खर्च पेलेना, तेव्हा 2010 मध्ये ती बंद पडली. करंडक, सदरे, कागदपत्रं उत्तर कॅरोलायनातल्या एका गोदामात गेली. आठ वर्षं कीर्ती खोक्यांत बंद. 2018 मध्ये टेक्सासमधल्या फ्रिस्कोत, एका स्टेडियमला लागून, दालन पुन्हा उघडलं. तिथे दारातच यंत्र पाहुण्याचा चेहरा टिपून घेतं आणि पुढे त्याला ओळखून हवं ते दाखवतं.

बेलो होरिझोंतेत ज्यांनी गेटजेन्सला खांद्यावर घेतलं, त्यांतल्या कितीजणांना त्याचं नाव ठाऊक असेल? त्यांनी कागदपत्रं विचारली नव्हती.