चर्चमध्ये बालकांचे स्थान

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



प्रारंभीच आमच्या हातून घडलेला एक अपराध कबूल करतो. काही वर्षांपूर्वी रविवारच्या मिस्सेत मागील बाकावर एक तान्हे मूल रडू लागले. आम्ही मान वळवून त्याच्या मातेकडे असे पाहिले की, ती बिचारी उठून बाहेर गेली. पुढे कित्येक रविवार ते कुटुंब दिसले नाही. आम्ही शब्दही उच्चारला नव्हता. दार लावण्यास नजरच पुरेशी झाली.

वस्तुतः हे दार प्रभूने कधीच लावलेले नाही. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. मुलांना घेऊन आलेल्यांस शिष्यांनी दटावले. प्रभू रागावला तो शिष्यांवर!

बालकांच्या मिस्सेविषयी रोमहून १९७३ साली मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. प्रौढांच्या मिस्सेतही मुले असल्यास प्रवचनात त्यांच्याशी थोडे बोलावे. गायनात व अर्पणाच्या वस्तू वेदीपाशी आणण्यात त्यांना वाटा द्यावा. अगदी तान्ह्यांस हवे तर वेगळ्या जागी सांभाळून अखेरीस आशीर्वादासाठी आत आणावे, असे तीत सुचविले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी मराठी आली, ती उपासना लोकांस कळावी म्हणून. त्याच न्यायाने, घरी सामवेदी बोलीत वाढणाऱ्या आपल्या वसईच्या बालकासाठी प्रवचनात दोन सोपी वाक्ये मागणे वावगे ठरू नये.

कोणी म्हणेल, उपासनेची शांतता भंगेल. शांततेचे मोल आम्ही जाणतो; आयुष्य वर्गात गेले. परंतु पहिलीतले मूल रडले म्हणून आम्ही त्यास कधी घरी धाडले नाही. शिस्त लागते ती आत घेतल्याने, बाहेर ठेवल्याने नव्हे.

म्हणून धर्मगुरूंस विनंती आहे की, पुढील दोन बाके लहान मुलांच्या कुटुंबांसाठी राखावीत. वेदी दिसली म्हणजे मूल रमते. समाजातील तरुणींनी व तरुणांनी आळीपाळीने तान्ह्यांना सांभाळावे. आणि आम्हां वृद्धांनी? मूल रडले तर मातेकडे पाहून स्मित करावे. यास पैसाही लागत नाही.

त्या मातेची क्षमा आम्ही अद्याप मागितलेली नाही. येत्या रविवारी मिस्सेपूर्वी तिच्या घरी जाण्याचा आमचा निश्चय आहे. एवढे बोलून आपली रजा घेतो.