लहान घोड्यांची वाहनातून सुरक्षित वाहतूक

(तळोजा येथे मालवाहू वाहनांचे चालक, वाहनमालक आणि अश्वपालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तळोजा म्हटले की कारखाने, टँकर आणि मालमोटारींच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. येथे घोड्यांचा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. परंतु पनवेल-मुंब्रा महामार्ग या गावावरून जातो. पनवेलकडील तट्टू नाशिक-खानदेशाकडे न्यावयाचे झाले, तर टेम्पो बहुधा याच रस्त्याने जातो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या दिवसांत ही वाहतूक वाढते. म्हणून हा विषय येथील चालकांचाही आहे.

लहान चणीचा, काटक घोडा महाराष्ट्राला नवा नाही. मराठ्यांच्या फौजांत भीमथडी तट्टांनी मजल दरमजल केली. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने आजही तेथील अनेक कुटुंबांची चूल घोड्यावर चालते. हा प्राणी स्वतःच्या पायांवर अवघड घाट सहज उतरतो. मात्र वाहनाच्या हौद्यात तो असहाय होतो. पुढे वळण आहे की गतिरोधक, हे त्याला कळत नाही. चालकाचा पाय ब्रेकवर पडतो आणि तोल मात्र घोड्याला सावरावा लागतो. घोड्याचा पाय मोडला तर तो बरा होणे फार कठीण असते, आणि त्या एका जनावरावर एखाद्या घराचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते.

नियमांचा आधार

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याखाली १९७८ साली जनावरांच्या वाहतुकीचे नियम करण्यात आले. घोड्यांसाठी त्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. घोडा प्रवासास योग्य व संसर्गजन्य रोगापासून मुक्त असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला हवा. गाभण घोडी व शिंगरे इतरांत मिसळू नयेत. चढविण्यापूर्वी दाणापाणी द्यावे आणि प्रथमोपचाराचे साहित्य बरोबर असावे. एका वाहनात चार ते सहांपेक्षा अधिक घोडे नसावेत. दोन घोड्यांमध्ये किमान आठ सेंटिमीटर व्यासाचा बांबू असावा. घोड्यांची तोंडे डावीकडे, समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर असावीत. वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी यात जागेचे माप घातले आहे. प्रत्येक घोड्यामागे सव्वादोन चौरस मीटर जागा व पक्के विभाजन आवश्यक आहे. दहा फूट लांब व सहा फूट रुंद हौदा सुमारे साडेपाच चौरस मीटरचा होतो. म्हणजे त्यात दोनच घोडे बसतात. "तट्टू लहान आहे, आणखी एक मावेल," हा हिशेब नियमात बसत नाही.

दाखल्याकडे कटकट म्हणून पाहू नये. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो व त्यावर लस नाही. २००८ साली जम्मूजवळील कटरा येथे सुरू झालेली घोड्यांच्या इन्फ्लुएन्झाची साथ पुढे अनेक राज्यांत पसरली. आजारी घोडा वाहनात चढला की रोगही त्याच्याबरोबर प्रवासाला निघतो.

लहान घोड्याची विशेष काळजी

मोठ्या जनावरासाठी बांधलेला आडवा बांबू लहान तट्टाच्या पाठीवरून जातो. घाबरलेले तट्टू त्याखालून घुसते आणि अडकते. म्हणून तट्टाच्या छातीच्या उंचीला एक व त्याखाली एक असे दोन बांबू बांधावेत; त्यांवर गोणपाट गुंडाळावे. फाळका उंच असतो, तेव्हा चढविण्यासाठी लांब, कमी चढाची व आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी घ्यावी. फळी नसेल तर रस्त्याकडेच्या बांधाला किंवा उंचवट्याला वाहन लावावे. हौद्याच्या पत्र्यावर काथ्याची चटई व वर पेंढा टाकावा. कोकणातील पावसात ओला पत्रा सर्वांत घातक ठरतो.

दावे म्होरकीला बांधावे, लगामाला कधीही बांधू नये. गाठ एका हिसक्यात सुटणारी असावी. दावे इतके आखूड नको की मान खाली घेताच येणार नाही. मान खाली गेली म्हणजे श्वासनलिकेत साचलेली धूळ व कफ बाहेर पडतो. तासन् तास मान वर बांधलेल्या घोड्याला फुप्फुसाचा दाह होण्याचा धोका असतो.

घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी भरपेट चंदी देऊन पोटशूळ ओढवून घेऊ नये. वाटेत सुके गवत थोडे थोडे द्यावे. मात्र उपाशीही ठेवू नये. लहान जातीच्या घोड्यांत, विशेषतः अंगाने भरलेल्या व गाभण जनावरांत, उपासमार झाल्यास रक्तात चरबी वाढते आणि ती जिवावर बेतू शकते.

चालकाची जबाबदारी

पनवेलहून सारंगखेडा सुमारे चारशे किलोमीटर आहे. ३५ च्या वेगाने केवळ चालविण्यासच साडेअकरा तास लागतात. म्हणून हा प्रवास दोन टप्प्यांत आखावा. दर तीन-चार तासांनी सावलीत अर्धा तास थांबावे, पाणी पाजावे, दावी व पाय तपासावेत. दुपारच्या उन्हात वाहन उभे ठेवू नये. कारखान्यांसमोरील रांगेत, पुढील गाडीच्या धुरात घोडे कोंडून ठेवू नयेत; तळोज्याचा टप्पा पहाटे ओलांडणे उत्तम. ब्रेक हळू, वळण हळू, विनाकारण कर्णा नाही, एवढे पथ्य पाळले तरी अर्धा धोका टळतो. घोड्याच्या ओळखीचा माणूस बरोबर असावाच.

मुक्कामी पोहोचताच घोड्याला ओढून खाली उतरवू नये. फळी लावून, त्याच्या चालीने उतरवावे. थोडे चालवावे, पाणी द्यावे व दुसऱ्या दिवसापर्यंत कामाला जुंपू नये. तो खात नसेल, खोकत असेल किंवा पोटाकडे वळून पाहत असेल, तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा १९६२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

शासनाने नियम केले आहेत, पण प्रत्येक हौद्यात शासनाचा माणूस उभा राहू शकत नाही. तेथे असतो तो मालक आणि चालक. भाडे ठरविताना वेळेचा व जागेचा खरा हिशेब मालकाने मान्य करावा आणि चालकाने त्यापेक्षा एकही घोडा अधिक चढवू नये. हे दोघांनी मनावर घेतले तर या रस्त्याने निघालेले प्रत्येक तट्टू आपल्या चार पायांवर मुक्कामी उतरेल.