सूक्ष्माचे सामर्थ्य

सोने पिवळे असते, हे सांगावयास सराफ नको. परंतु लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाच्या काही कुप्या जपून ठेवल्या आहेत. त्यांतील सोने माणकासारखे तांबडे आहे. १८५७ साली फॅरडेने त्याचा उलगडा केला. सोने तेच, केवळ त्याचे कण अतिशय सूक्ष्म झालेले. ते कण किती सूक्ष्म, हे मोजण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते.

आज ते आहे. मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एका भागास नॅनोमीटर म्हणतात. साधारणतः १०० नॅनोमीटरांच्या खाली पदार्थ आपली नेहमीची रीत सोडू लागतो. याची मुख्य कारणे दोन. गुळाचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो, तोच किसून टाकला तर चटकन विरघळतो. कारण कण जितके लहान, तितका एकूण पृष्ठभाग अधिक. दुसरे कारण असे, की इतक्या अरुंद जागेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचे प्रकाशाशी असलेले नातेच बदलते.

पहिल्या गुणाचा उपयोग सूर्याकडून वीज मिळविण्यासाठी झाला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टिटॅनियम डायऑक्साइड घेऊन स्वित्झर्लंडमधील लोझान येथे मायकेल ग्रेत्झेल व ब्रायन ओ'रेगन यांनी त्याच्या सूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर केला आणि त्यावर प्रकाश शोषणारे रंगद्रव्य चढविले. झाडाच्या पानात हरितद्रव्य जे करते, तेच काम येथे रंगद्रव्याने केले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या या घटाने सूर्यप्रकाशाच्या सात टक्क्यांहून अधिक भागाची वीज केली. छपरावरील सिलिकॉनला तो मागे टाकू शकला नाही. परंतु त्याच्याच घडणीत २००९ साली जपानमध्ये रंगद्रव्याच्या जागी पेरोव्स्काइट हा पदार्थ वापरला गेला. त्या वेळी चार टक्क्यांहून कमी असलेली त्याची क्षमता आज प्रयोगशाळेत पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

दुसऱ्या गुणाची कथा पुण्याची आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या पानांचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, आणि सोन्याचे अतिशय पातळ त्रिकोणी कण तयार झाले. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पावसाळ्यात ज्याचा वास घरोघरी दरवळतो, त्या पातीने असे कसब दाखवावे, हे नवलच! हे त्रिकोण अवरक्त किरण शोषून घेतात. असे किरण शरीराच्या ऊतींत काही अंतर शिरू शकतात. त्यामुळे सोन्याचे कण गाठीत पोहोचवून, त्यांना बाहेरून तापवून गाठ नष्ट करण्याची कल्पना पुढे आली.

परंतु जी सूक्ष्मता उपकारक, तीच शंकास्पदही आहे. पेशीत शिरणारा कण काम संपल्यावर बाहेर पडेलच असे नाही. सोन्याचे कण यकृतात व प्लीहेत साठून राहिल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. प्रकाशमान कणांच्या साहाय्याने पेशींची चित्रे घेता येतात, पण त्यांतील अनेकांत कॅडमियम हे विष असते. पेरोव्स्काइटच्या उत्तम घटांत शिसे असते, आणि ओलाव्याने हे घट लवकर बिघडतात. कोकणातील एखाद्या कौलारू घरावर असा घट बसवावयाचा, तर चार महिन्यांच्या पावसात तो किती टिकेल आणि त्यातील शिसे विहिरीपर्यंत जाईल काय, हा प्रश्न त्या घरच्या माणसाने विचारणे रास्तच आहे.

भट्टी पेटविण्यापूर्वी राख कोठे टाकावयाची, याचा विचार शहाणा कारागीर करतो. सूक्ष्म कणांच्या बाबतीत हा विचार तर आधीच व्हावयास हवा. कारण ही राख डोळ्यांना दिसत नाही, आणि एकदा पसरली की गोळा करता येत नाही.