संशय आणि शाबिती

समजा, सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या गावात धुऱ्याचं भांडण झालं आणि दुसऱ्या सकाळी धानाच्या बांधीत प्रेत सापडलं. दिवस मावळेपर्यंत गाव एकाकडे बोट दाखवून मोकळं होतं. पण गोंदियाच्या सत्र न्यायालयात सरकार पक्षाला तीन गोष्टी शाबीत कराव्याच लागतात. मरण घातपातानं आलं. घाव याच आरोपीनं घातला. आणि ठार मारण्याचा, निदान जीव जाईल अशी जखम करण्याचा त्याचा इरादा होता.

इरादा डोळ्यांना दिसत नाही. हत्यार कोणतं, घाव डोक्यावर की पायावर, जोर किती, यावरून तो ताडायचा असतो. अचानक पेटलेल्या भांडणात, पूर्वतयारी नसताना जीव गेला, तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचाही ठरू शकतो.

प्रत्यक्ष पाहणारा कुणी नसेल तर भिस्त परिस्थितीजन्य पुराव्यावर. त्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयानं १९५२ मध्ये हनुमंत नरगुंदकर खटल्यात सांगितली. तो खटला नागपूरचा, बनावट कागदपत्रांचा. पुढे १९८४ मध्ये, पुण्यातल्या एका विवाहितेच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूच्या सारडा खटल्यात, न्यायालयानं त्याच कसोटीची पाच सूत्रं मांडली आणि आरोपीला सोडलं. सार एवढंच: प्रत्येक दुवा पक्का हवा, साखळी अखंड हवी, आणि आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शक्यता उरता कामा नये. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेत नाही.

आता सुरुवातीच्या त्या खटल्यात घाव कुऱ्हाडीचा होता असं समजा. आरोपीनं पोलिसांपुढे दिलेली कबुली ग्राह्य नाही. पण त्याच्या सांगण्यावरून झुडपातून कुऱ्हाड निघाली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पंचांसमक्ष जप्ती, लाखेचं सील, लेबलवर सह्या, ठाण्याच्या मुद्देमाल रजिस्टरात नोंद, मग नागपूरची न्यायवैद्यक प्रयोगशाळा. पुढे साक्षीच्या पिंजऱ्यात पंच म्हणाला, "सही माझी, पण मी काही पाहिलं नाही," की हा दुवा कच्चा पडू शकतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. पंच म्हणून बोलावणं आलं तर टाळू नका. पंचनामा पूर्ण वाचा, नसेल वाचता येत तर कुणाकडून वाचून घ्या, मगच सही करा. कोऱ्या कागदावर तर कधीच नको. आणि कोर्टात पाहिलं तेवढंच सांगा, भीतीपोटी कमी नाही, रागापोटी जास्त नाही. खुनी सुटू नये आणि निरपराध अडकू नये, हे दोन्ही त्या साक्षीवर अवलंबून असतं.